पाखऱ्याचा उपास

चंपाषष्ठी सोमवारी झाली आणि गुरुवारी सकाळी पाखऱ्या मामांना चावला.

मामा म्हणजे माझे सासरे, आकाराम. त्यांनी घोड्याच्या पाठीवर जीन टाकलं होतं आणि पोटाखालून तंगाचा पट्टा ओढून घेत होते. पट्टा दुसऱ्या भोकापर्यंत आला तेव्हा पाखऱ्यानं मान वळवली, मामांचा दंड दातांत धरला आणि सोडून दिला. हाड मोडलं नाही. सदऱ्याची बाही फाटली आणि आत दातांची दोन अर्धवर्तुळं उठली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. कडेवर ज्ञानदा होती, माझी वीस महिन्यांची मुलगी. तिनं टाळ्या वाजवल्या.

"खुनशी झालं बेनं," मामा म्हणाले. आत येऊन त्यांनी हळद लावून घेतली. जेवताना मात्र सांगून टाकलं, "माघी पुनवंला ह्येनं सरळ जीन घेतलं तर ऱ्हाईल. न्हाईतर मिरजेच्या वरातवाल्याला देऊन टाकायचा."

कराडहून शिराळ्याकडं जाताना आमचं गाव लागतं. गावच्या खंडोबाची यात्रा माघी पौर्णिमेला असते. त्या दिवशी देवाचा मुखवटा घोड्यावरून गावात फिरतो आणि तो घोडा आमच्या घरचा असतो. मामांच्या आजोबांपासून तो मान आहे. आमच्या घोड्याला जमलं नाही तर देव भावकीतल्या मानसिंगकाकांच्या घोडीवर बसतो, आणि एकदा बसला की पुढची तीन वर्षं तिथंच बसतो, असा गावाचा ठराव आहे. मिरजेचा माणूस लग्नाच्या वरातींना घोडे पुरवायचा. दिवाळीत येऊन तो पाखऱ्याचे चारी पांढरे पाय आणि कपाळावरचा पट्टा बघून गेला होता. त्याच्याकडे गेलेला घोडा दिवसभर बँडपुढं उभा राहतो, एवढं मलाही माहीत होतं.

तरी मामांचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं. घोड्याची पागा आमच्या अंगणातच होती. मुलगी चालायला लागल्यापासून मला चार ठिकाणी डोळे लागत होते: चूल, हौद, रस्ता आणि पाखऱ्याचे मागचे पाय. वीरधवल, माझा नवरा, फौजेत, पठाणकोटला. मी त्याला दोनदा लिहिलं होतं की घोडा काहीतरी करायच्या आधी हलवा. त्याचं उत्तर आलं, "तो शिंगरू असल्यापासून मी त्याला ओळखतो. तो तसा नाही. तू फार विचार करतेस."

तेव्हा मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. माझ्याकडे वही होतीच. ज्ञानदाचं वजन वाढत नव्हतं, म्हणून कराडच्या बालरोगतज्ज्ञांनी ती काय खाते, किती वाजता खाते, किती टाकते ते लिहून ठेवायला सांगितलं होतं. त्याच वहीत मागच्या बाजूनं मी घोड्याचं लिहायला लागले. मला ते एकतर्फीच लिहायचं होतं. पण मी सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेलं, आणि तिथं एक खोड लागली होती. जे दिसलं ते लिहायचं, जे पाहिजे ते नाही.

लिहिलं ते असं होतं. सोमवारी सकाळी चंदी, म्हणजे दाणा, अर्धी टाकली. हरभरा तसाच, कडबा मात्र खाल्ला. बुधवारी खरारा करताना पोटाला ब्रश लागला तेव्हा कान मागे, पाय आपटला. रविवारी दुपारी पागेचा खांब चावत होता. रविवारी संध्याकाळी चंदी खाऊन झाल्यावर बसला, उठला, परत बसला, मान वळवून आपल्याच पोटाकडं बघितलं. सोमवारी जांभया, लागोपाठ पाच. कुणी घोड्याच्या जांभया मोजल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण पाच होत्या, म्हणून लिहिल्या. दात खातो. वरचा ओठ उलटा करतो. केस उभे राहिलेत, चमक गेली.

तीन आठवड्यांनी मी ती पानं सलग वाचली. ज्ञानदा पेजेचा घास गालात धरून बसली होती आणि तो गिळला जाईपर्यंत मला तिच्यासमोरून हलता येत नव्हतं. सतरा नोंदी होत्या. त्यातल्या बारा रविवारच्या आणि सोमवारच्या. राहिलेल्या पाच तंग ओढतानाच्या किंवा पोटाला हात लागल्याच्या. आणि त्याच्यासमोर गवत असताना त्यानं कुणावर कान मागे टाकल्याची नोंद एकही नव्हती.

रविवार खंडोबाचा. मामा रविवारी उपास करायचे आणि त्यांच्याबरोबर पाखऱ्याही. देवाचं वाहन, तेव्हा देवाचा वार त्यालाही. शनिवारी संध्याकाळची चंदी झाली की गव्हाण झाडून घ्यायची. मग रविवारची आरती होईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. आरती झाली की भिजवलेला हरभरा, भरडा, गुळाचे खडे आणि घरात केली असली तर पुरणाची पोळी, हे सगळं एकदम. चंपाषष्ठीच्या आधी देवाच्या नवरात्रात तर सहाही दिवस असंच. तेव्हा सगळं घर कौतुकानं म्हणायचं, बघा, मुकं जनावर पण उपास करतंय.

शिवाय पूड होती. दसऱ्याला पाखऱ्या पुढच्या उजव्या पायानं लंगडत होता. शेजारचे नाथाजी फौजेत खेचरांच्या तुकडीवर होते. रिटायर होऊन आल्यावर गावातल्या सगळ्या जनावरांवर त्यांचा हक्क होता. त्यांनी कुठूनशी पांढरी पूड आणून दिली. "मेरठला दोनशे खेचरं ह्या पुडीवर पळवली म्या." लंगडणं चार दिवसांत थांबलं. पूड थांबली नाही. मामा ती रोज सकाळी गुळाच्या गोळीत द्यायचे, रविवारीसुद्धा. औषधाला उपास लागत नाही.

हे सगळं एका पानावर आल्यावर मला कळायला हवं होतं, आणि थोडंफार कळलंही. जे रिकाम्या पोटी बिघडतं आणि दाण्यावर जास्त बिघडतं, ते स्वभावात नसतं, पोटात असतं. तरी आठ दिवस मी कुणाला काही बोलले नाही. बोलले नाही तर पौर्णिमेला आपोआप काय होईल ते मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी कपडे वाळत घालत होते. वळून बघितलं तर ज्ञानदा पायरीवर नव्हती. ती पागेत होती. पाखऱ्याच्या तोंडाखाली उभी राहून हातातला भाकरीचा पापुद्रा वर करत होती. त्यानं मान खाली आणली होती. कान सैल होते. त्यानं ओठांनी तो पापुद्रा काढून घेतला, बोटांना न लागता, आणि चावायला लागला. मी पळत जाऊन तिला उचललं. फार आवळून धरलं म्हणून ती रडायला लागली.

आत्ती, माझ्या सासूबाई, बनुबाई, दारात आल्या. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं बया! उपास मोडला की त्येचा!"

"आत्ती, पोरगी त्याच्या तोंडाखाली होती."

"व्हय, दिसली मला. पोरीला काय झालं न्हाई न्हवं? पर भाकरी खाल्ली त्येनं."

मामांनी ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही. मोडलेला उपास भरून काढायला त्यांनी पाखऱ्याला सोमवारीही उपाशी ठेवलं. मंगळवारी सकाळी दोन्ही दिवसांची चंदी एकदम दिली. तासाभरानं तो आडवा झाला, पाय झाडले, लोळला. नाथाजी आणि मामा दुपारपर्यंत त्याला धरून अंगणात फिरवत होते. त्याच्या मानेवरून घाम गळत होता. दुपारी तो शांत झाला.

"वात हुता," नाथाजी म्हणाले. "पूड वाढवू या का?"

एका पापुद्र्यापायी तो दुसरा दिवस उपाशी राहिला होता, आणि पापुद्रा आमच्या घरातनं गेला होता. बुधवारी मुलीचं वजन करायला म्हणून मी कराडला गेले. वजन केलं. मग तिला कडेवर घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉ. गंगाधर आगाशे मूळचे वाईचे, पन्नाशीचे, दवाखाना बसस्टँडच्या मागं. बाकावर माझ्या पुढं एक म्हातारबा शेळी घेऊन बसला होता. नंबर आल्यावर मी वही पुढं केली. डॉक्टरांनी ती उघडली आणि बराच वेळ वाचली.

"अर्धी वाटी वरण, दोन घास भात, मग उलटी," ते हसत म्हणाले. "घोडा वरण खातो?"

"ते मुलीचं आहे. मागून बघा."

त्यांनी मागून बघितलं. मग हसणं थांबवून परत पहिल्यापासून वाचलं.

"रविवारी काय असतं?"

"उपास."

"कुणाचा?"

"घोड्याचा."

ते हसले नाहीत. टेबलावरचा कागद ओढून त्यांनी त्यावर एका पिशवीचं चित्र काढलं. "हे घोड्याचं पोट. एवढ्या मोठ्या जनावराच्या मानानं अगदी लहान. गाय भरून घेते आणि मग बसून रवंथ करते. घोड्याचं तसं नाही. त्याला थोडं थोडं, दिवसभर लागतं. कारण आतलं आम्ल चालूच असतं. खाल्लं तरी सुटतं, नाही खाल्लं तरी सुटतं. ते मारायला लाळ लागते आणि लाळ फक्त चावताना येते. गवत चावायला वेळ लागतो, म्हणजे लाळ भरपूर. दाणा पटकन संपतो, लाळ कमी, आणि वर आम्ल वाढतं. आता चोवीस तास रिकामं ठेवा आणि त्यावर किलोभर हरभरा-गूळ घाला."

"ब्युरेटचा नळ चालू आणि खाली अल्कली नाही," मी म्हणाले.

"केमिस्ट्री का? मग तुम्हाला सांगायला सोपं आहे. पोटात जखमा असणार. अल्सर. चावतो तो तंगाला नाही, दुखण्याला. औषध काय चाललंय?"

मी पुडीचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

"किती दिवस?"

"दसऱ्यापासून."

"ही पाच दिवसांची गोष्ट, फार तर आठ. पोटाचं अस्तर खाते ही." त्यांनी कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. "नक्की सांगायला आत नळी घालून बघावं लागतं. तेवढी लांब नळी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नाही. तेव्हा उलटं करायचं. अल्सर आहे असं धरून चालायचं. पंधरा दिवसांत फरक पडला तर तोच होता. पण त्याआधी मी येऊन दात बघतो, जंतांचं बघतो. नुसत्या वहीवर मी औषध देत नाही, वही चांगली असली तरी."

ते गुरुवारी स्कूटरवरून आले. घोड्याची जीभ बाजूला धरून दात बघितले, पापण्या उलट्या केल्या, दोन्ही कुशींना कान लावला. मग बोटांनी छातीमागं, तंग बसतो तिथं दाबलं. पाखऱ्यानं मान फिरवली. डॉक्टर आधीच बाजूला झाले होते.

मामा पागेच्या दारात हाताची घडी घालून उभे होते. नाथाजी त्यांच्या शेजारी.

"पूड आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले.

"मेरठला दोनशे खेचरं—" नाथाजींनी सुरू केलं.

"त्या दोनशेंना किती दिवस दिलीत?"

नाथाजींनी थोडा विचार केला. "पाच. मग साहेब बंद करायला लावायचा."

"मग इथं?"

"हितं साहेब कुठं हाय?"

डॉक्टरांनी बाकीचं सांगितलं. माणसांच्या आम्लपित्ताच्या गोळ्या, पण एका वेळी पंधरा, दिवसातून तीनदा, कुटून पाण्यात, तोंडाच्या कोपऱ्यातून. पोटाला आतून लेप देणारं दुसरं औषध वेगळ्या वेळी. चंदी निम्म्यावर, तीही चार वेळा विभागून. गूळ बंद. गव्हाण कधी रिकामी दिसता कामा नये. जीन टाकायच्या आधी अर्धा तास लसूणघास, कारण त्यात चुना असतो आणि तो आम्ल धरतो. रोज दोन तास मोकळं सोडायचं. "आणि रविवारचा उपास बंद."

इथपर्यंत मामा मान हलवत होते. आता थांबले.

"त्ये न्हाई हुयाचं."

"मग औषधाचा उपयोग नाही."

"डॉक्टर, तुमचं समदं ऐकतो. पर ह्यो देवाचा घोडा हाय. माझ्या आज्ज्यापासनं रविवार पाळलाय. माझ्या टायमाला मोडायचा व्हय?"

डॉक्टरांनी आम्ल, लाळ, अस्तर, सगळं परत एकदा सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चा घ्या." डॉक्टरांनी चहा घेतला आणि निघून गेले. जाताना मला म्हणाले, "महिना आहे हातात. चार रविवार."

कराडच्या मेडिकलवाल्यानं गोळ्यांची पाकिटं मोजता मोजता विचारलं, "वहिनी, घरात किती जण आजारी हाईत?" मी म्हटलं एकच.

रविवार उजाडला. मामांनी गव्हाण झाडून घेतली. औषधाला उपास लागत नाही, म्हणून गोळ्यांचं पाणी मात्र स्वतः धरून पाजलं. दुपारी ते फराळाला बसले. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी, ताक. मी वाढत होते. आत्ती ज्ञानदाला मांडीवर घेऊन समोर बसल्या होत्या. पागेतून खांब चावल्याचा आवाज येत होता.

"आवं, एक इचारू?" आत्ती म्हणाल्या.

"इचार की."

"ह्ये कितवं रताळं?"

"का? मोजतीस व्हय?"

"मोजत न्हाई. एकादशी अन् दुप्पट खाशी, म्हनून इचारलं."

"उपासाला चालतंय रताळं."

"तुमच्या उपासाला चालतंय. त्येच्या उपासाला काय चालतंय, त्ये कुनी ठरवलं?"

"आज्ज्यानं."

"आज्जा निर्जळी करत हुता?"

मामांनी घास खाली ठेवला. "न्हाई. आज्जा शेरभर दूध प्यायचा. वर खजूर."

"मग घोड्यानं काय वारा प्यायचा? साबुदाणा न्हाई, रताळं न्हाई. तुमी फराळ करून ढेकर देताय आन् त्यो खांब खातोय. देवाला दिसत न्हाई व्हय त्ये?"

मामा पागेकडं बघत बसले. आमटीवर साय धरली. मग त्यांनी मला विचारलं. त्या घरात चार वर्षांत त्यांनी मला विचारलेली ती पहिली गोष्ट होती.

"सूनबाई, घोड्याचा फराळ म्हंजे काय धरायचा?"

"गवत," मी म्हणाले. "हरळी, लसूणघास, थोडा कडबा. दाणा नाही, गूळ नाही."

"दाना न्हाई?"

"नाही. दाण्यानं मोडेल."

"मग उपासच हाय की ह्यो," मामा म्हणाले आणि हात न धुता उठून पागेकडे गेले. आत्तींनी उरलेलं रताळं सोलून ज्ञानदाला दिलं. तिनं ते सगळं खाल्लं. मी लिहून ठेवलं.

त्या रविवारपासून पाखऱ्यानं गवताचा उपास धरला. आरतीनंतरचा हरभरा-गुळाचा ढीग गेला आणि प्रसाद म्हणून पोळीचा चिमूटभर तुकडा उरला. डॉक्टरांना मी कळवलं तेव्हा ते म्हणाले, "असा उपास त्यानं रोज केला तरी माझी हरकत नाही."

गवत टाकायचं काम माझ्याकडे आलं. मुलीला मी दर दोन-अडीच तासांनी भरवत होतेच, तेव्हा वेळा सांभाळणं मलाच जमण्यासारखं होतं. आधी तिचा घास, मग त्याचा. पहिला आठवडा वहीत काही फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात सोमवारची चंदी त्यानं संपवली. जांभया दिवसाला एक-दोनवर आल्या. तिसऱ्या आठवड्यात खरारा करताना पोटाला ब्रश लागला तरी पाय आपटला नाही. मागच्या पुठ्ठ्यावर केस बसायला लागले. पाय थोडा लंगडतो का, ते नाथाजी रोज येऊन बघायचे. लंगडत नाही म्हणून थोडे नाराज होऊन परत जायचे.

यात्रेआधी आठ दिवस मामांनी जीन टाकलं. आधी अर्धा तास लसूणघास घातला. तंग पहिल्या भोकावर. दुसऱ्या भोकाला पाखऱ्यानं मान वळवली, मामांच्या दंडाजवळ तोंड आणलं आणि तसाच थांबला. चावला नाही. मामांचा श्वास मला खिडकीपर्यंत ऐकू आला.

डॉक्टरांचं म्हणणं मात्र, अजून महिनाभर जीन नको. "वरचं भरत आलंय, आतलं मला दिसत नाही."

"एक दिस," मामा म्हणाले. "चार तास. एवढा एक मान हुद्या."

त्या वर्षी पौर्णिमा रविवारीच आली. दुपारी देवाचा मुखवटा घोड्यावर चढला. ढोल, भंडारा, सगळं गाव पिवळं. मामा लगाम धरून पुढं होते आणि त्यांच्या काखेत लसूणघासाची पेंढी होती. मिरवणूक थांबली की मामा मूठभर घास घोड्याच्या तोंडाशी धरायचे. लोकांना असं काही बघायची सवय नव्हती.

"आकाराम, देव निघालाय का म्हस चरायला निघालीया?" कुणीतरी ओरडलं.

"फराळ करतोय गड्या," मामांनी न वळता सांगितलं. "रविवार हाय त्येचा."

मागं मानसिंगकाकांची घोडी झूल घालून चालत होती. दर वर्षी अशीच चालते, वेळ आली तर म्हणून. मी बायकांच्या घोळक्यात होते, ज्ञानदा कडेवर. मी देवाकडं बघत नव्हते. मला फक्त घोड्याचे कान दिसत होते.

वेशीपर्यंत सगळं ठीक होतं. वेशीत ढोल बराच वेळ थांबले आणि तिथं पेंढी संपली. पुढं शाळेच्या चौकात येईपर्यंत पाखऱ्यानं दोन जांभया दिल्या. मग मान वळवून पोटाकडं बघितलं. ढोलाच्या आवाजात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. देवळाला एक गल्ली उरली होती.

एक गल्ली जाईल तो, असं मी स्वतःला सांगितलं. मग तो कुणाला तरी चावेल, भर गर्दीत, देव पाठीवर असताना, आणि मामांनी सांगून ठेवलं होतं तसं होईल, मला आधी पाहिजे होतं तसं. मी ज्ञानदाला आत्तींकडे दिलं, डोक्यावरचा पदर ओढला आणि पुरुषांतून वाट काढत पुढं गेले. सासऱ्यांच्या शेजारी भर चौकात जाऊन उभं राहणं आमच्यात कुणी करत नाही.

"मामा, दोन जांभया. पोटाकडं बघितलं आता."

ते माझ्याकडे बघतील, घरी जा म्हणतील, असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "कवापासनं?"

"वेशीपासून."

"एकच गल्ली ऱ्हाईली की रं," नाथाजी म्हणाले. "वढ तसाच. फौजेत—"

मामांनी तंगाजवळ तळहात ठेवला. पाखऱ्याचे कान मागे गेले, त्याचे दात मामांच्या दंडाला लागले. मामांनी हात काढला नाही, नुसता सैल केला. मग ढोलवाल्यांना हात वर करून थांबवलं.

"मानसिंग, घोडी फुडं आन."

"आकाराम, तीन वर्सं जातील," मानसिंगकाका म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "इचार कर."

"केला. आन."

मुखवटा मामांनी स्वतः उतरवला, स्वतः घोडीवर बसवला आणि भंडारा उधळला. मग तिथंच, सगळ्या गावासमोर, पाखऱ्याचा तंग सोडला, जीन उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मिरवणूक पुढं गेली. मामा, पाखऱ्या आणि मी, आम्ही तिघं उलट्या वाटेनं घरी आलो. वाटेत मामा एवढंच म्हणाले, "डॉक्टर म्हनला हुता."

मंगळवारी मिरजेचा वरातवाला टेम्पो घेऊन आला. चौकातली हकीगत त्याला कुणीतरी आधीच सांगितली होती, त्यामुळं तो खुशीत होता.

"मग, चढवू का टेम्पोत? मान तर गेला तुमचा."

"न्हाई द्यायचा," मामा म्हणाले.

"आवं, तुमीच म्हनला हुता, जीन घेतलं न्हाई तर न्या. चावरा हाय म्हनून."

"खुनशी असता तर दिला असता. त्येच्या पोटात दुखतंय. दुखतंय म्हनून चावला त्येला कुनी इकतंय व्हय?"

वरातवाल्यानं पागेकडं बघितलं. पाखऱ्या गव्हाणीत तोंड घालून उभा होता.

"तीन वर्सं नुस्ता बांधून काय करनार ह्येचं?"

"चरंल की," मामा म्हणाले.

वरातवाल्यानं चहा घेतला आणि रिकामा टेम्पो वळवून नेला. दहा वाजून गेले होते. ज्ञानदा जेवली होती. तिला आत्तींकडे देऊन मी घास टाकायला गेले. त्याच्या तोंडाजवळ मी हात नेत नाही. पेंढी लांबूनच टाकते.